सगळ्यांशी गोड

सुवार्ता साळवे पार्किंगमध्ये खुर्च्या मांडत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण सोसायटीची मीटिंग असली की ती आधीच खाली उतरायची, खुर्च्या पुसायची, येईल त्याला हसून "या, बसा" म्हणायची. आज मात्र एकच खुर्ची ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

सेक्रेटरी केतन म्हात्रे फोन खिशात टाकत जवळ आला.

"ताई, गच्चीला कुलूप लावायचा विषय आहे. तुमी आमच्याबरोबरच ना?"

"हो, हो. म्हणजे काय!"

सकाळी जिन्यात कमळीबाईंनाही ती असंच हो म्हणाली होती. कमळीबाई तिच्या शेजारीण. करावे गावच्या कोळी. मुलानं सीवूड्सला फ्लॅट घेतला म्हणून इथे आल्या, पण बोंबील वाळवून विकणं काही सोडलं नाही. गच्चीवरच्या त्या वासानं सगळी बिल्डिंग वैतागली होती. "माज्या बाजूनं हात वर करशील ना गो?" असं त्यांनी विचारलं, तर सुवार्तानं त्यांचा हात हातात घेऊन "काळजीच करू नका" म्हणून टाकलं.

दोघांना हो म्हणताना आपण खोटं बोलतोय असं काही तिला वाटलं नाही. समोरच्याचं मन मोडायचं नाही, एवढंच तिला ठाऊक. वडील सांगायचे, "आपली इनमीन चार घरं. ख्रिस्ती माणूस कसा असतो, ते लोक तुझ्याकडे बघून ठरवणार. गोड राहा." ती इतकी गोड राहिली, की चर्चचे पाळकसाहेब मंडळीत तिचं उदाहरण द्यायचे. उभ्या जन्मात तिचं कुणाशी वाजलं नव्हतं. कमळीबाईंचं मात्र वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांशी वाजायचं.

"आणि एक," केतननं आवाज उतरवला. "तुमच्या घरातल्या गुरुवारच्या प्रार्थनेबद्दल काही जण कुरकुर करतात. ढोलकी, गाणी, बाहेरची माणसं. मी त्यांना म्हणतो, चांगली माणसं आहेत, जाऊ द्या. आपलं कसं, एकमेकांना सांभाळून."

सुवार्ता हसली. पुसलेली खुर्ची तिनं पुन्हा पुसायला घेतली. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना चर्चला नेता येत नव्हतं. गुरुवारची गाणी हेच त्यांचं चर्च होतं, आणि त्यासाठीच त्या आठवडा ढकलत होत्या.

मीटिंग सुरू झाली. कमळीबाई पहिल्या रांगेत, पदर खोचून बसल्या होत्या.

"गच्चीला कुलूप. बाजूनं कोण?"

भराभर हात वर झाले. सुवार्तानं आपला हात मांडीवरच ठेवला. केवढं धाडस केलं आपण, असं क्षणभर तिला वाटलंसुद्धा.

"विरोधात?"

कमळीबाईंचा हात वर गेला. त्यांनी वळून थेट सुवार्ताकडे पाहिलं, आणि सुवार्ता त्यांच्याकडे बघून हसली. सवयीनं, नेहमीसारखंच गोड. हात मांडीवरच राहिला.

"मंजूर," केतन म्हणाला.

संपलं एकदाचं, म्हणून तिनं श्वास सोडला. तेवढ्यात केतन घसा खाकरून म्हणाला, "पुढचा विषय. घरात बाहेरची माणसं जमवून गाणीबजावणी नको, असं काही मेंबरांचं म्हणणं आहे. ताई, पर्सनली घेऊ नका हं. बाजूनं?"

मघाचेच हात. त्यांतले एकदोघं तिच्याकडे बघून हसलेही. सुवार्ताच्या कानांत नुसतं भणभणत होतं. घरी जाऊन सासूबाईंना काय सांगायचं?

"विरोधात? कुणी नाही ना?"

पहिल्या रांगेतून एक हात वर आला.

"कमळीबाई, तुमी?" केतन चक्रावला. "तुमची तर भिंतीला भिंत. तुमालाच सगळ्यात जास्त त्रास."

"व्हतोच तरास. डोकं उठतं माजं," कमळीबाई कडाडल्या. "पन ती म्हातारी गानी लागली का उठून बसते. मी बघितलंय. ती बंद कराची म्हंजे काय?"

मग त्या खुर्चीसकट मागे वळल्या.

"आन तू काय बघत बसलीस गो? तुजी गानी हायत. आता तरी हात वर कर."

सगळे तिच्याकडे बघत होते. सुवार्तानं हात वर केला. चेहऱ्याचं काय करावं, ते मात्र तिला कळेना.