तिला विचार

अर्धांगवायूचा झटका येण्याआधी नवऱ्याने कॉइल गुंडाळून ठेवली होती. प्लास्टिकच्या जाड नळीवर केसासारखी बारीक तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटवून, आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं कडं. घरातल्या घरात विजेची ठिणगी उडवायची, हा त्याचा कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीपासूनचा नाद. कॉइलला सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होणारी वीज पुरवणारं सर्किट तेवढं बाकी होतं, आणि तो आडवा झाला.

सर्किट बायकोच्या गळ्यात पडलं. तिचं इंडक्शन शेगड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. अख्खा बाजार तिला शेगडीबाई म्हणायचा. शेगडीतही तसंच सर्किट असतं, फक्त संथ चालीचं. दवाखान्यात त्याचा उतरलेला चेहरा बघून ती "होईल की" म्हणून गेली, आणि पस्तावली.

सकाळी त्याचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. मग दुकान. घरी आल्यावर पुन्हा तेच. यातून उरलेला जीव घेऊन ती जेवणाच्या टेबलावर मांडामांड करायची. दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालू-बंद व्हायला हवेत. पहिला बंद व्हायच्या आत दुसरा चालू झाला की फट्, दोघांचाही निकाल. दोघांमध्ये किंचित उसंत ठेवून तिने ते निस्तरलं. पण कॉइलची लय, म्हणजे तिची स्वतःची थरथरायची गती, काही हाती लागेना. बटण फिरवून ती मोठ्या मुश्किलीने जुळवावी, तर नुसतं जवळ गेलं तरी ढळायची. लय ढळली की ट्रान्झिस्टर तापायचे आणि जायचे.

तो पलंगावरून बघत राहायचा. जिभेवर मोजके शब्द उरले होते, तेही अडखळत येणारे.

एका रविवारी दुपारी आणखी एक जोडी जळाली. करपट वास खोलीभर पसरला. शेगडीबाईने टेबलावर डोकं टेकलं.

"ति...ला," तो म्हणाला. "विचार."

"कुणाला?"

"तिला."

तिने परगावी असलेल्या लेकीला फोन लावला. लेक इंजिनिअर होती.

"आई, मी पूल बांधते गं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू जेवलीस का?"

"जेवते आता."

"म्हणजे नाही जेवलीस."

फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "विचारलं. तिला नाही माहीत. झालं समाधान?"

त्याने वैतागून मान हलवली. चालता हात कसाबसा उचलून कॉइलकडे दाखवला. "तिला!"

ती कॉइलकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या डोक्यात प्रकाश पडला. लय आपण ठरवायचीच नाही. कॉइल ज्या लयीत थरथरते, तीच तिच्याकडून घेऊन सर्किटला द्यायची.

"अहो, मग नीट सांगायला काय झालं होतं!" ती खेकसली, आणि लगेच जीभ चावली. त्याच्या ओठांची हलणारी बाजू वर गेली. हसत होता लबाड.

पुढचे काही दिवस त्यात गेले. कॉइलशेजारी तिने हातभर तार उभी केली. तिच्यात उमटणारी थरथर सर्किटच्या तोंडाशी आणून जोडली. पहिल्यांदा चालू केलं तर ढिम्म. चिडायचंही त्राण नव्हतं. कॉइलच्या पायाशी सर्किटला जोडलेल्या जाड तारेच्या वेटोळ्याची दोन टोकं उलट लागली असतील, म्हणून तिने ती अदलाबदल केली, पडदा ओढला, लांब उभी राहिली आणि वीज सोडली.

सूंऽऽ करत कड्यावरून जांभळी ठिणगी निघाली. बोटभर लांब, वळवळणारी. शेगडीबाई लगेच त्याच्याकडे वळली. तो डोळे बारीक करून बघत होता. ती वाट बघत होती, काय बोलतो याची.

"लहान," तो म्हणाला.

तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, ते नेमकं कशाने, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने वीज बंद केली, पडदा सारला आणि त्याच्या पलंगाखालची चटई ओढून तिथेच जमिनीवर अंग टाकलं.

"लहान तर लहान," ती म्हणाली. "आता मला पडू द्या जरा. हाक मारू नका."

त्याने मारली नाही.