तुझे लाख उपकार

"देवानं मले काऊन वाचवलं, हे मले आजलोक समजलं नाई," मोतीराम उभ्यानं सांगत होता. "पण वाचवलं, एवढं खरं. गाडी तीन खेपा उलटली. मी बाहेर फेकला गेलो अन् बाभळीत अटकलो. एक पाय मोडला, बस. अशा दारूड्या मानसाले प्रभूनं उचललं, लोकहो! त्याची स्तुती असो!"

"आमेन!" सगळी मंडळी म्हणाली.

दुसऱ्या ओळीतली कोकिळा म्हणाली नाही. दर वर्षी ती म्हणत नसे, आणि दर वर्षी सगळ्यांचे कान तिच्याकडेच लागलेले असत. मोतीरामच्या त्या उलटलेल्या जीपमध्ये तिची लेक प्रेरणा होती. एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अकरा जणांत गेली ती एकटीच. गाडी मोतीरामच चालवत होता, आणि त्या दिवशी तो प्यायलेला होता. दवाखान्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याच्या उशाशी प्रार्थना केली, त्यानं दारू सोडली, बाप्तिस्मा घेतला. कोर्टात त्याच्या तारखा अजून चालूच होत्या आणि उपकारस्तुतीच्या रविवारी तो चर्चमध्ये न चुकता देवाच्या कृपेची साक्ष देत होता. चार वर्षं झाली याला.

व्यासपीठापुढे लोकांनी आणलेली ज्वारीची कणसं, भोपळे, सोयाबीनच्या पिशव्या मांडल्या होत्या. प्रेमानंद पाळकांनी प्रभुभोजनाच्या ताटावरचं पांढरं कापड काढलं आणि नेहमीचं बजावलं. कुणाशी बिनसलं असेल तर आधी ते मिटवा, मग भाकरीला हात लावा. हे बोलताना त्यांनी कोकिळेकडे पाहायचं इतकं टाळलं, की बाकी सगळ्यांनी पाहिलं.

ताट फिरत फिरत आलं. कोकिळेनं ते दोन्ही हातांनी घेतलं, क्षणभर मांडीवर धरलं आणि काही न घेता शेजारच्या वंदनाबाईंकडे दिलं. वंदनाबाई म्हणजे पाळकीणबाई. त्यांनी सुस्कारा सोडला. कोकिळेच्या आत्म्याच्या तारणाची काळजी खुद्द तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त.

उपासना सुटल्यावर ओट्यावर त्यांनी तिला गाठलंच. मागे पाळकसाहेब, आणि त्यांच्याही मागे लंगडत मोतीराम.

"कोकिळाताई, किती दिवस असं उपाशी राहणार?" वंदनाबाई म्हणाल्या. "देवानं आपल्याला माफ केलं. आपणही करावं."

"काकू," मोतीराम मान खाली घालून म्हणाला, "तुमी म्हनान त मी पुढच्या साली उभा राह्यत नाई."

"राह्यजो उभा," कोकिळा म्हणाली. "जीव वाचला तुहा, उपकार नाई मानशीन त काय करशीन? तुले म्या कवाचंच माफ केलं मोतीराम. तू रडत आलता ना पहिल्या सालात, तवाच. तुह्यामुळे नाई माहा हात आखडत."

"मग कोणामुळे?" पाळकांनी विचारलं.

"आज जाऊन येतो तिकडं. आल्यावर सांगीन," ती म्हणाली आणि चपला पायात सरकवून सरळ बसस्टँडची वाट धरली.

तिनं खोटं सांगितलं नव्हतं. मोतीरामचा राग तिनं खरंच सोडला होता. सोडवत नव्हतं ते दुसरंच काही, आणि ते चार वर्षांत तिनं कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

चिखलीतल्या एका खाजगी दवाखान्यात कोकिळा बावीस वर्षं आयाबाई होती. त्या दिवशी जखमी तिथेच आणले. जीपमध्ये पांढऱ्या ॲप्रनातल्या दोन मुली होत्या, प्रेरणा आणि धाड गावच्या अन्वरभाईंची समीना. दोघी मैत्रिणी, एका वर्गात. दोघींच्या तोंडाला धुळीपायी स्टोल गुंडाळलेले. समीनाला गाडीत मळमळत होतं म्हणून तिनं आपली बॅग प्रेरणाच्या गळ्यात अडकवली होती. गेलेल्या मुलीच्या बॅगेत समीनाचं ओळखपत्र निघालं, आणि कंपाउंडरनं बाहेर येऊन सांगून टाकलं, "धाडची पोरगी गेली. तुमची आत हाये, बेशुद्ध हाये."

कोकिळा त्या फरशीवर गुडघ्यांवर कोसळली. हात वर करून, चर्चमध्ये करायची तशा खणखणीत आवाजात तिनं प्रार्थना केली, "प्रभू येशू, तुझे लाख उपकार! माझ्या लेकराला तू राखलंस, तुझे लाख उपकार!" डोळे उघडले तेव्हा चार पावलांवर भिंतीला धरून जमीला उभी होती. समीनाची आई. धाडहून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून ती तेव्हाच पोचली होती. ती रडत नव्हती. नुसती बघत होती.

अर्ध्या तासानं खाटेवरची मुलगी शुद्धीवर आली आणि तिनं "अम्मी" म्हणून हाक मारली.

त्यानंतर जमीला दोनदा चिखलीला येऊन गेली. दोन्ही वेळा कोकिळेनं ड्युटीचं निमित्त करून तोंड चुकवलं. परवा शुक्रवारी तिचा निरोप आला होता. सोमवारी समीनाचं लग्न आहे, प्रेरणाच्या आईनं आलंच पाहिजे.

बसस्टँडबाहेर जीपवाले "धाड, धाड" ओरडत होते. कोकिळेनं तीन जीपा जाऊ दिल्या आणि तासाभरानं आलेल्या एसटीत बसली.

लग्नघर माणसांनी भरलं होतं. अंगणात मांडवाचे बांबू रोवणं चाललं होतं. जमीलानं तिला पाहिलं, हातातलं टाकून आली आणि दंडाला धरून मागच्या खोलीत घेऊन गेली. पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पानी मंग," कोकिळा म्हणाली. "आधी मले बोलू दे. त्या दिवशी दवाखान्यात तू मागं उभी होती, अन् म्या देवाचे उपकार मानले."

"तुही पोरगी वाचली म्हनून मानले."

"तुही गेली म्हनून माही वाचली होती, जमीला! मले सांगलं होतं ना त्यानं, धाडची गेली म्हनून. समजूनउमजून म्या गुडघे टेकले. समीना माह्या घरी जेवलेली पोरगी. तिच्यासाठी एक टिपूस नाई आला माह्या डोळ्यात." तिनं तांब्या बाजूला सारला. "चार वर्षं झाली. चर्चमधी प्रभूची भाकर पुढं येते, माहा हात जात नाई. त्याची दया, त्याचं प्रेम, सारं मले कळते. पण ज्या तोंडानं तसे उपकार मानले, त्या तोंडानं ती कशी खाऊ? मले माफी पाह्यजे. देवाची मिळन. तुही पाह्यजे."

जमीलानं उठून दार लोटून घेतलं. परत येऊन बसली, पण कोकिळेकडे तोंड करून नव्हे.

"समीनानं हाक मारली अन् तू खाली पडली," ती हळू आवाजात म्हणाली. "म्या तुले धरलं. सारं गाव अजून म्हनते, जमीलानं सख्ख्या बहिनीसारखं धरलं. तुहं डोकं माह्या मांडीवर होतं. मी तुह्या केसावरून हात फिरवू फिरवू अल्लाचा शुक्र करून राह्यली होती. मनातल्या मनात. एक डाव नाई, कोकिळा, सारी संध्याकाळ. तुहं रडनं कानावर येत होतं अन् माहा शुक्र थांबत नव्हता."

बाहेर कुणीतरी मांडवाचा बांबू ठोकत होतं.

"तू मोठ्यानं मानले, मी चूप राह्यली. म्हनून लोकांत मी चांगली झाली," जमीला म्हणाली. "हेच सांगाले दोन खेपा आलती. तू भेटलीच नाई."

 कोकिळा माफी मागायला आली होती; माफी द्यायची कशी असते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं जमीलाचा हात ओढून आपल्या हातात घेतला. दोघींना रडू आलं, आणि कितीतरी वेळ एकीनंही दुसरीला उगी म्हटलं नाही.

दार ढकलून समीना आत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मेंदीनं भरलेले, केस सुटून तोंडावर आलेले. कोकिळेला पाहून ती थबकली. मग येऊन तिच्यापुढे पाठमोरी बसली.

"मावशी, वेणी घालून द्या ना. माहे हात भरले हायेत."

कोकिळेनं पदरानं डोळे पुसले आणि केस हातात घेतले. कानामागे टाक्यांचा जुना व्रण होता, त्यावरून तिचं बोट एकदा फिरलं. मग तिनं तीन पेड केले आणि वेणी घालू लागली. सावकाश, जेवढी लांबवता येईल तेवढी लांबवत.