वडिलांचे उत्पन्न

कागदावर नवऱ्याला मारायला ठकीच्या आईला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी पोरीला शाळेत घालताना वडिलांच्या रकान्यात तिने सरळ 'मयत' लिहिलं आणि पेन परत दिलं. माणूस तीन गल्ल्या पलीकडे धडधाकट होता. तिथे त्याने काचेचं दुकान टाकलंय, असं लोक सांगायचे. ती त्या गल्लीने कधी गेली नाही. घर सोडल्यापासून ज्याने एक छदाम दिला नाही तो आपल्या लेखी मेला, हा तिचा सरळ हिशोब होता आणि शाळेनेही तो बिनबोभाट मानला.

सरकारने मानला नाही. ठकीला औषधशास्त्राच्या कॉलेजात जागा मिळाली, फीच्या मदतीचा अर्ज भरला, आणि खिडकीतल्या कारकूनबाईंनी मृत्यूचा दाखला मागितला. मेलाच नाही त्याचा दाखला कुठून आणणार? आठवडाभर टोलवाटोलवी करून शेवटी ठकीच्या आईला मान खाली घालून खरं सांगावं लागलं.

"जिवंत आहेत तर घेऊन या," कारकूनबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर उत्पन्न लिहायचं, सही करायची. आज शेवटचा दिवस. पाचनंतर मी देवाचाही अर्ज घेत नाही."

मदत मिळाली नाही तर जागा जाणार होती. ठकी धावत जाऊन बापाला घेऊन आली तेव्हा चार वाजून गेले होते. केसांना कलप, पायात चकचकीत बूट. ठकीची आई आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत आलेली, तिची नजर आधी त्याच्या कॉलरवर गेली. कॉलरखाली चुणी तशीच होती.

"ठके, तुझ्या आईला विचार, मेलेल्या माणसाकडे काय काम काढलं?"

"ठके, त्यांना सांग, माझं काही काम नाही. पोरीचं आहे. एक सही करा आणि परत जिथून आलात तिथे जा."

ठकी दोघांच्या मधोमध उभी होती. ती नुसती घड्याळाकडे पाहत राहिली. दोघंही तिच्या डोक्यावरून एकमेकांना ऐकू जाईल असं बोलत होते, आणि मागची रांग कान टवकारून होती.

काचवाल्याने अर्ज पुढे ओढला. 'वडिलांचे वार्षिक उत्पन्न' या ओळीवर त्याने ऐटीत आकडा लिहिला, खाली लांबलचक सही ठोकली, आणि कागद खिडकीत देण्याआधी ठकीच्या आईला वाचता येईल असा जरासा फिरवला. बारा लाख.

कारकूनबाईंनी चष्मा वर केला. "मर्यादा तीन लाखांची आहे. अर्ज बसत नाही."

ठकीचा चेहरा पांढराफटक पडला. आईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. बारा लाख! आणि पोरगी शेजाऱ्यांच्या जुन्या पुस्तकांवर बारावी झाली. तिला वाटायचं ते खरंच होतं तर. मेल्याकडे होतं आणि त्याने दिलं नाही.

"बसत नाही त्यांनी काय करायचं?" तिने विचारलं.

"वडिलांनी चार वर्षांच्या फीचं हमीपत्र द्यायचं. मग कॉलेज जागा ठेवतं."

"द्या तो कागद. ठके, त्यांना सांग, बारा लाखवाल्याला जड नाही. करा म्हणावं सही."

काचवाल्याने हमीपत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग खिसे चाचपत म्हणाला, "जरा चहा पिऊन येतो."

"ठके, त्यांना सांग, मागे सुट्टे आणायला गेले होते ते आज उगवलेत. चहा नंतर."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. दाराशी ठकीची आई कमरेवर हात ठेवून उभी, समोर हमीपत्र, भिंतीवर पाचला दहा कमी. आज याला ती सोडणार नव्हती. त्याने पेन उचललं, ठेवलं, आणि खिडकीशी वाकून हळूच विचारलं, "तो पहिला अर्ज कोरा मिळेल का दुसरा?"

"का, चूक झाली?"

"चूक झाली."

नव्या कागदावर त्याने तळहाताचा आडोसा करून लिहिलं. पण कारकूनबाईंना नोंद करताना मोठ्याने वाचायची सवय होती. "आई, एक लाख चाळीस. वडील, एक लाख दहा. दुकान स्वतःचं?"

"नाही. पगारावर आहे. काचा कापतो."

"म्हणजे अडीच. बसतं." शिक्का पडला. ठकीने पावती घेतली आणि ती भिंतीला टेकून रडायला लागली.

आईला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण कुणीतरी लुबाडल्यासारखंही वाटलं. तेरा वर्षं पाय सुजेपर्यंत ती इस्त्रीपाशी उभी राहिली होती ती त्याला शिव्या घालत, त्याच्याकडे आहे आणि तो देत नाही या रागावर. आणि त्याच्याकडे नव्हतंच. तिच्याहूनही कमी होतं.

ती तरातरा त्याच्यासमोर गेली. ठकीला मध्ये घ्यायचं तिला सुचलंच नाही.

"नव्हतं तर नव्हतं म्हणायचं. रिकाम्या हाताने यायचंत. दोन वर्षं पोरगी संध्याकाळी तुमची वाट बघत उंबऱ्यावर बसायची, कळतंय का?"

"तुझ्या दारात? रिकाम्या हाताने?" तो म्हणाला. त्याचा आवाज आता लहान झाला होता. "उभं केलं असतंस?"

तिने तोंड उघडलं. कारकूनबाई खिडकी ओढून घेत होत्या.

"नसतं केलं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं म्हणून तिला त्याचा आणखीच राग आला.