जवायाचा टर्बो

निकेश, म्हणजे माया जवाई, जेवाले बसला का ताटात पाह्यत नाई. अंगणात उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे पाह्यते. झिंग्याची भाजी गार होते, थंडीत तिच्यावर तेल गोठून जाते, आन हा घास हातात धरून बॉनेटकडे पाह्यत बसते. तिथी एखादी बाई उभी असती तं मी समजली असती.

हे मी त्याले सांगू शकत नाई. आमच्यात सासू जवायाशी समोरासमोर बोलत नाई. पदर पुढे घ्याचा आन जे सांगाचं ते पोरीच्या मारफत सांगाचं. इतकी वर्षं झाली, तो याच घरात राह्यते, माया हातचं खाते, पण मी त्याच्याशी एक शब्द बोलली नाई. मायी पोरगी जया घरी नसली तं मी चुलीले सांगते आन तो ऐकते. चुलीनं लय ऐकून घेतलं आतापर्यंत.

गाडी त्यानं चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या, वीज केंद्रातल्या एका साहेबाकडून घेतली. साहेबाची बदली झाली होती. लहानशी लाल गाडी, जुनी, डिझेलची. निकेश तिथी ठेक्यावर कामाले होता. काम सोडलं, गाडी घेतली आन आमच्या गावी येऊन बसला. अहेरीहून हेमलकशाच्या दवाखान्यात पेशंट नेईन, चंद्रपूरले सवाऱ्या नेईन, असं त्याचं चाललं होतं.

"माय, हिच्यात टर्बो आहे. त्यानं इंजिनाले जास्तीची हवा भेटते," जयानं मले समजावलं.

"जास्तीची हवा तुया नवऱ्यातही आहे," मी म्हटलं. "तो कुठी जोरात चालून राह्यला?"

पयल्याच पावसाळ्यात पंप गेला. मंग रबराचा पाइप फाटला. मंग मागून निळा धूर निघाले लागला, आन दसरू मिस्त्री म्हणे, टर्बो इंजिनाचं ऑइल पिऊन राह्यला. दसरूचं गॅरेज आलापल्लीच्या रस्त्यावर आहे. दर खेपेले तो बॉनेट उघडते, च्च करते आन चहा मागते. गाडीच्या एका दुखण्यात जयाची बोरमाळ गेली, दुसऱ्यात बकऱ्या गेल्या. गाडीनं कमावलंच नाई असं नाई. कमावलं आन सारं दसरूच्या घरी नेऊन दिलं.

घरात आता एकच वस्तू उरली होती, मायं मोठं जाळं. तलावात जाळं घातलं का ओढणाऱ्या हातायचे वाटे पडतात, आन त्यात एक वाटा जाळ्याचा असते. मनसाराम, माया नवरा, गेला तेव्हापासून मी पाण्यात उतरत नाई, तलावाच्या पाळीवर बसते. पण वाटे पडताना पयली टोपली मायापुढे येते, कारण जाळं मायं आहे. मनसारामनं आन मी दोन हिवाळे बसून ते विणलं. ते आहे तोवर मी कोणाच्या हाताकडे पाह्यत नाई. जवायाच्या तं नाईच.

पूस महिन्यात, कडाक्याच्या थंडीत, गाडी सवाऱ्या घेऊन सकाळीच निघाली. हेमलकशाच्या रस्त्यावर शिट्टी मारल्यासारखी किंचाळली आन बंद पडली. सवाऱ्या पायी गेल्या, गाडी बैलजोडीनं ओढून घरी आणली. दसरूनं पाह्यलं. टर्बो जाम झाला, नवीन लागते, म्हणे. किंमत ऐकून जया तिथीच खाली बसली.

संध्याकाळी निकेश भिंतीकडे तोंड करून म्हणे, "जया, मायले सांग, पत्रूभाऊ जाळं घ्याले तयार आहे."

जया आमच्या दोघायच्या मधात तांदूळ निवडत बसली होती. "माय, हे म्हणतात का..."

"मले कान आहेत. त्यायले विचार, जाळं विकलं तं मी पाळीवर काय घेऊन बसू? स्टेपनी?"

"जया, सांग, साहेबानं टर्बो खराबच देला. मायी त्यात काय चूक?"

"साहेबाची चूक असन तं साहेबाच्या घरचं विका म्हणा."

"सांग, गाडी सुरू झाली का नवीन जाळं आणून देतो. मशीनचं."

"विचार, आन बोरमाळ? तीही मशीनचीच येते का?"

जयानं सूप खाली आपटलं. "मी काय तुमची पोस्टमन आहे? एक भिंतीशी बोलते, एक चुलीशी, आन मरण मायं." ती आत गेली.

आतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. त्या आवाजानं मी हारली. मनातल्या मनात मी जाळं देऊन टाकलं. सकाळी जयाले म्हटलं, पत्रूले बोलाव.

पत्रू, गावातलाच मासोळ्या धरणारा, बिडी ओढत आला. अंगणात जाळं पसरवलं आन गाठी ओढून पाह्याले लागला. तिकडे दसरू टर्बो खोलत होता.

"गोकुळाबाई, इथी गाठ सैल आहे," पत्रू म्हणे. "भाव कमी होईन."

"तुया हात लागला म्हणून झाली असन."

दसरूनं टर्बो बाहेर काढला. मोठ्या गोगलगाईच्या शंखासारखा दिसते. त्याच्यापाशी एक बारीक नळी होती, यातूनच त्याले ऑइल जाते म्हणे. दसरूनं फुंकून पाह्यलं, फुंक पार जाईना. तार घातली तं पिवळट-पांढरा गोळा बाहेर आला.

"साहेबानं काय डुप्लिकेट ऑइल वापरलं कोण जाणे," दसरू म्हणे.

"मी तेच सांगून राह्यलो," निकेश म्हणे.

मी पुढे गेली. तो गोळा बोटावर घेतला आन चोळला. ऊब लागली तसा पातळ झाला. वास घेतला. कडवट. काळ्या ऑइलचा वास वरून होता, पण आतून माया चुलीचा वास होता. टोळीचं तेल, मोहाच्या बियायचं. थंडीत तुपासारखं गोठते, हे इथच्या लेकराले माईत आहे. सोनीबाई जंगलातून टोळी आणून देते, बदल्यात मी तिले मासोळी देते, आन घाण्यावरून तेल काढून आणते. भाजीले तेच, दिव्याले तेच, फुटलेल्या टाचेले तेच.

आत जाऊन तेलाचं पिंप उचललं. दिवाळीले काठोकाठ भरलं होतं. एका हातानं उचललं गेलं. भाजीत तेल लय टाकते म्हणून मी जयाले बोलली होती, आन तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं.

पिंप मी आणून बॉनेटवर ठेवलं.

निकेशनं मान खाली घातली. "जया," तो म्हणे, "मायले सांग, गाडी रोज ऑइल मागत होती. दुकानातलं परवडत नव्हतं. म्हटलं, तेल ते तेल."

जया उंबऱ्यात उभी होती. तिनं मले काहीच सांगितलं नाई. पत्रूची बिडी विझली, ती त्यानं पेटवली नाई. दसरू आपले पाने-हत्यारं गोळा कराले लागला.

मी पदर मागे केला. इतक्या वर्षात पयल्यांदा त्याचं तोंड पुरं पाह्यलं. हनुवटीवर तीळ आहे. मले माईतच नव्हतं.

"निकेश," मी म्हटलं, "इकडे पाह्य. भिंतीकडे नाई, मायाकडे. मायं तेल चोरून नेताना तुले मधात पोरगी लागली नाई, मंग आता काऊन लागते? जाळं विकाचं नाई. पत्रू, घडी घाल. गाडी दसरू भंगारात नेईन, आन जे काय येईन ते जयाच्या हातात पडन, तुया नाई. पुढच्या खेपेले जाळं घालतीन तेव्हा तू पाण्यात उतरशील, छातीपर्यंत, आन हाताचा वाटा भेटन तो आणशील. जाळ्याच्या वाट्यात तुयं काही नाई. या घरात राह्याचं असन तं असं राह्य. आन जेवाले बसला का ताटात पाह्यत जा."