पाचवं पाकीट

ताईने रुमाल गार पाण्यात बुडवून पिळला आणि धाकटीच्या छातीवर ठेवला. बाळ जाऊन चार दिवस झाले होते, पण शरीराला ते कोण सांगणार? दूध आपलं वेळेवर आलं होतं. गाऊनवर पुढे दोन ओले डाग पडले होते.

"दुखतंय?"

"दगड झालेत नुसते."

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी कारण सापडत नाही. पण घरच्यांना कारण लागतंच, आणि सासूबाईंनी ते शोधलं होतं: ही पडदे लावायला स्टुलावर चढली. धाकटीलाही ते पटलं होतं.

"पडदे काय पळून चालले होते का?" ती म्हणाली. "मीच मेली चढले."

"स्टुलाने काही होत नसतं गं."

"तुला काय माहीत? तू जंतूंची डॉक्टर."

ताई डॉक्टर नव्हती. ती पाकीटबंद मांस तपासायची. कारखान्यातून प्रत्येक खेपेची पाच पाकिटं प्रयोगशाळेत यायची. तीन फोडून त्यातलं मांस पोषक द्रावणात घालायचं, उबेत ठेवायचं, मग काचेच्या बशीत काही उगवतंय का ते बघायचं. चौथं फेरतपासणीसाठी सीलबंद राहायचं. पाचवं उरायचं. अहवाल येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही असा नियम होता. पण या कारखान्याचा माल नऊ वर्षांत एकदाही नापास झाला नव्हता, तेव्हा आपला हात जगन्नाथ. त्यात धाकटीच्या पोटात काही टिकत नव्हतं, आणि डोहाळे लागले ते नेमके धुरावलेल्या मांसाच्या चकत्यांचे. ताईने सोमवारी पाकीट नेऊन दिलं. उकळून खा, असं चारदा बजावलं.

शनिवारी बशीत निळ्या-हिरव्या ठिपक्यांची रांग उगवली. गरोदर बाईच्या बाळापर्यंत पोचतो, तोच जंतू. सगळी खेप कारखान्यातच अडवली गेली, साहेबांनी चारचौघांत ताईची पाठ थोपटली. बाहेर गेलं होतं ते एकच पाकीट.

तिने व्हरांड्यात जाऊन धाकटीला फोन लावला होता.

"ते मांस कसं खाल्लंस गं?"

"उकळून. तू सांगितलंस तसं. का?"

"सहज विचारलं."

उकळल्यावर तो जंतू उरत नाही. ताईचा जीव भांड्यात पडला. का विचारलं ते ती बोलली नाही. धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही; गोष्ट चार घरं फिरून साहेबांच्या कानावर गेली असती, तर नोकरी गेली असती. पुढे धाकटीला दोन दिवस ताप आला आणि उतरला, तेव्हाही ताईने मनाला उकळलेल्या पाण्याचाच दाखला दिला.

आता तिने रुमाल पुन्हा भिजवला. "थोडं सूप आणू? गरम आहे."

"गरम नको. गरमाचा वाससुद्धा सहन होत नाही, पहिल्यापासून." धाकटी चार दिवसांत प्रथमच जराशी हसली. "तुझं ते मांस मी फ्रीजमधून काढून तसंच खाल्लं होतं. उभ्या उभ्या, अख्खं पाकीट. फोनवर म्हटलं उकळून, नाहीतर तू झोडपलं असतंस."

ताईच्या हातातल्या रुमालातून पाणी चादरीवर ठिबकत राहिलं. गप्प बसता आलं असतं. कुणी विचारणार नव्हतं. खापर फोडायला स्टूल होतंच. पण मग ही पोर जन्मभर त्या पडद्यांकडे बघत बसली असती.

ताईने रुमाल पुन्हा तिच्या छातीवर ठेवला आणि कॉटच्या कडेला बसून सगळं सांगितलं. सोमवार, पाकीट, बशी, फोन, नोकरी. स्वतःला कुठेही सांभाळून घेतलं नाही.

धाकटीने विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर?"

"औषध आहे त्यावर. लगेच सुरू केलं असतं, तर बहुतेक…"

"बहुतेक काय?"

"वाचलं असतं."

धाकटीने छातीवरचा रुमाल काढून ताईच्या हातात दिला. गाऊनची बटणं एकेक करून लावली. मग ती बोटांवर काहीतरी मोजू लागली.

"शनिवारी केला होतास ना फोन?"

"हो."

"त्यानंतर तीन आठवडे हलत होता तो," ती म्हणाली.