मुंगीनं बांधलेलं इंजिन

मामाने भाचीला मोटारसायकल दिली तेव्हा हातात किल्ली ठेवली नाही, कारण त्या गाडीला किल्लीच नव्हती. त्याने एक मऊ फडकं ठेवलं आणि म्हणाला, "रोज पुसत जा, मुंगे."

भाचीला घरात सगळे मुंगी म्हणत. लहानपणी ती इतकी बारीक आणि इतकी उद्योगी होती की दुसरं नाव कोणाला सुचलंच नाही. आता पंचेचाळिशी उलटली, चष्मा लागला, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. गाडी तिच्याहून वयाने मोठी. एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीच्या वर्गातली, काळी, टाकीवर सोनेरी रेघ. मामाने तरुणपणी ती शर्यतींत पळवली होती. गाडीला घरात 'बया' म्हणत. मामी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "या घरात मी राहायचं की या बयेने?" दोघीही राहिल्या.

शाळेत असल्यापासून मुंगी मामाच्या शेडमध्ये बसून रॉकेलच्या परातीत नट-बोल्ट धुवायची. मामाची स्वतःची मुलं त्या वासाने नाक धरून पळायची. त्यामुळे पुढे मामाचे हात थरथरायला लागले आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा बया कोणाकडे जाणार हा प्रश्नच आला नाही.

मुंगी कवळ्या बनवणाऱ्या एका कार्यशाळेत कामाला होती. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवत, आणि ती नि तिच्या मैत्रिणी एका लांब टेबलाशी बसून मेणात दात रचत, ओतत, घासत, चमकवत. केसाएवढा उंचवटा राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही, हे तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचं. बयेला असे हात मिळाले. स्वयंपाकघरामागची खोली रिकामी करून तिने तिथे गाडी उभी केली. कपाट बाल्कनीत गेलं, इस्त्रीचं टेबल पलंगाखाली गेलं. नवरा एवढंच म्हणाला, "मला झोपायला जागा ठेव म्हणजे झालं."

काही महिने तिने खरोखरच नुसतं पुसलं. मग एक दिवस ती मामाकडे गेली आणि म्हणाली, "जुन्या गाड्यांच्या शर्यतीत नाव घातलंय, मामा."

"कोणी? गाडीने?"

"मी."

मामाने कप खाली ठेवला. "मी तुला ती सांभाळायला दिली. पळवायला नाही."

"उभी राहिली की गाडी सडते, हे तूच सांगायचास ना?"

"ते मी पळवत होतो तेव्हा सांगायचो!"

मामीला हसू आलं. ते तिने तोंडावर हात ठेवून दाबलं. मामाला मात्र अजिबात हसू आलं नाही.

पहिल्या शर्यतीत व्हायचं तेच झालं. कार्ब्युरेटर लावताना मुंगीने इंजिनात जाणारं पेट्रोल जरा हात राखून ठेवलं होतं. घरामागच्या रस्त्यावर ते खपून गेलं. भर उन्हात, लांबलचक सरळ रस्त्यावर नाही खपलं. पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं, पिस्टन फुगला आणि सिलिंडरला धरून बसला. त्याआधी क्षणभर आवाज आवळल्यासारखा झाला होता. तो ऐकताच तिने क्लच दाबला, म्हणून मागचं चाक जाम होऊन ती फेकली गेली नाही. गाडी घरंगळत कडेच्या गवतात गेली. बाकीच्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या आणि ती हेल्मेट न काढता तिथेच उभी राहिली, कारण हेल्मेटच्या आत ती रडत होती.

बातमी मामाकडे तिच्या आधी पोहोचली. फोनवर तो म्हणाला, "धरला ना पिस्टन? आता सिलिंडर कापून मोठा करशील, आत मोठा पिस्टन घालशील. सगळे तेच करतात. मग ती माझी बया राहिली नाही. कुठलीही गाडी झाली." आणि त्याने फोन ठेवला.

त्या दिवसापासून त्याने अबोला धरला. मुंगी भेटायला गेली की हा वर्तमानपत्र उघडायचा. मामी म्हणायची, "बघ कसा तोंड मिटून बसलाय. तोंडातले दात तुझ्या हातचे, आणि तुझ्याशीच बोलायला वापरत नाही."

मुंगी ओरखडलेला सिलिंडर फडक्यात गुंडाळून लेथवाल्याकडे घेऊन गेली. लेथवाला मामाच्या ओळखीतला, मोठ्या पोटाचा, कामात चोख. त्याने सिलिंडर उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"कापून मोठा करू. मोठा पिस्टन टाका. संध्याकाळी घेऊन जा."

"मग इंजिन साडेतीनशेच्या वर जाईल."

"जाऊ दे की! जोर वाढेल. कोण मोजायला येतंय?"

"मला माहीत असेल ना," मुंगी म्हणाली. "आतून नवं अस्तर बसवा. मूळ मापाचं. जुन्याच मापाचा पिस्टन बसला पाहिजे."

लेथवाल्याने हात टेकले. "अहो, चारपट काम आहे ते."

"मग चौथ्या दिवशी येते."

ती चौथ्या दिवशी गेली, आणि पुढे बरेच दिवस जात राहिली. लेथवाल्याने अस्तर ठोकून बसवलं, पण शेवटचं घासकाम तिने मागून घेतलं. घरी त्या मागच्या खोलीत ती पॉलिशचे दगड घेऊन बसायची. जरा घासायची, पुसायची, पिस्टन घालून बघायची, पुन्हा घासायची. पिस्टन स्वतःच्या वजनाने सावकाश, एकसारखा खाली उतरला पाहिजे, ना अडकला पाहिजे ना पडला पाहिजे. तेलाच्या नळीचं एक जोडटोक झिजून गेलं होतं आणि तसं टोक आता कुठेच मिळत नव्हतं. ते तिने कामाच्या ठिकाणी मेणात कोरलं आणि दातांच्या सांगाड्याबरोबर धातूत ओतलं. मालकीणबाईंनी भट्टीतून निघालेलं ते टोक चिमट्यात धरून पाहिलं आणि विचारलं, "ही दाढ कोणाची?"

"माझ्या मामाच्या गाडीची," मुंगी म्हणाली, आणि सगळं टेबल हसलं.

पुढच्या हंगामात तिने घाई केली नाही. एका शर्यतीत शेवटून दुसरी आली, पण इंजिन शेवटपर्यंत चाललं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या शर्यतीत मधोमध आली. प्रत्येक वेळी घरी आल्यावर प्लग काढून त्याचा रंग बघायची. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळा असेल तर जास्त होतंय. ती थोडं थोडं बदलत गेली. शर्यतीची सुरुवात गाडी ढकलत धावून करावी लागे, आणि बया काही हलकी नव्हती. म्हणून मुंगी सकाळी कामाला जायच्या आधी मागच्या रस्त्यावर तिला ढकलत पळायची. शेजारी गॅलरीतून विचारायचे, "काय हो, आजही सुरू होत नाही का?" ती धापा टाकत म्हणायची, "होते. म्हणूनच ढकलतेय."

हंगामाची शेवटची शर्यत गावाबाहेरच्या जुन्या ट्रॅकवर होती. त्या सकाळी मामीने बूट घातले आणि मामाला म्हणाली, "मी चालले बघायला. तुला यायचं तर ये, नाहीतर बस वर्तमानपत्र वाचत. कालचंच आहे." मामा आला. पण मुंगीला दिसणार नाही असा, प्रेक्षकांच्या कठड्याच्या टोकाला, टोपी कपाळावर ओढून उभा राहिला.

झेंडा पडला. मुंगी धावली, उडी मारली, क्लच सोडला आणि बया पहिल्याच दणक्याला सुरू झाली. सरळ रस्त्यावर मोठे गडी तिच्या पुढे जात. वळणावर मात्र गोष्ट वेगळी होती. अंगाने हलकी, हाताने हळुवार; इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावून ती आत शिरायची आणि बाहेर पडताना इंजिन भरदार, गोल आवाजात उचलायची. एकेक करत तिने बरेच जण मागे टाकले. शेवटच्या फेरीला तिच्यापुढे दोघेच उरले. पहिला फार लांब होता. दुसरा होता दाढीवाला, या शर्यतींतला जुना खेळाडू, ज्याला मागून पाहायची सवय कोणालाच नव्हती, कारण तो तेवढा वेळ दिसतच नसे. शेवटून दुसऱ्या वळणावर त्याने आतली बाजू हातभर मोकळी सोडली. मुंगीला तेवढी पुरली.

ती दुसरी आली. हेल्मेट काढलं तेव्हा चष्म्यावर तेलाचे ठिपके होते आणि हसू आवरत नव्हतं. नवऱ्याने तिला मिठी मारली आणि स्वतःचाही शर्ट काळा करून घेतला.

तेवढ्यात तपासनीस आला. हातात माप घ्यायची पेटी, चेहऱ्यावर संकोच. "तक्रार आलीय," तो म्हणाला. "गेल्या वर्षी तुमचं इंजिन धरलं होतं. त्यानंतर सिलिंडर मोठा केला असणार, इंजिन वर्गाबाहेरचं असणार, असं यांचं म्हणणं आहे." त्याच्या मागे दाढीवाला उभा होता. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. आपण स्वतः केलं असतं तेच तिनेही केलं असेल असं त्याला वाटलं होतं, इतकंच.

"इंजिन खोलावं लागेल," तपासनीस म्हणाला. "तुमच्या मेकॅनिकला बोलवा."

"बोलावलं," मुंगी म्हणाली. "आलीय."

तिने हात पुसले आणि हत्यारांची गुंडाळी जमिनीवर उलगडली. इंजिन निवेपर्यंत थांबावं लागणार होतं, तेवढ्यात बातमी सगळ्या आवारात फिरली. माणसं जमली, जिंकलेलेही आले, हरलेलेही आले. मुंगीने पहिला नट सैल केला. ती घाई करत नव्हती. काढलेली प्रत्येक वस्तू पांढऱ्या कापडावर, निघाली त्या क्रमाने ठेवत होती, जसे टेबलावर दात मांडतात तशी. कार्ब्युरेटर निघाला. धुराचा पाइप निघाला.

"वरचे बोल्ट तिरके तिरके सोडव," गर्दीतून एक घोगरा आवाज आला. "एकाच बाजूने सोडवलेस तर हेड वाकेल."

मुंगीने वर पाहिलं नाही. तो आवाज तिने वर्षभर ऐकला नव्हता. "तिरकेच सोडवतेय, मामा," ती म्हणाली. "बघ तरी नीट."

मामा कोपराने वाट काढत पुढे आला. मुंगीने हेड, सिलिंडरचं ते वरचं झाकण, अलगद उचललं. तपासनीस वाकला, त्याने सिलिंडरचा व्यास मोजला, पिस्टन खालीवर करून त्याची चाल मोजली, पुन्हा एकदा मोजून खात्री केली, आणि हिशेब करून मोठ्याने म्हणाला, "तीनशे अठ्ठेचाळीस. कंपनीतून निघाली तेव्हा होती तेवढीच. दुसरा क्रमांक कायम."

टाळ्या पडल्या, पण मामाला त्या ऐकू गेल्या असतील असं वाटत नाही. तो गुडघ्यावर बसला होता. थरथरतं बोट त्याने सिलिंडरच्या आत घातलं आणि भिंतीवरून गोल फिरवलं. त्या गुळगुळीतपणावर बोटाचं थरथरणंसुद्धा कमी झाल्यासारखं दिसलं.

"अस्तर घातलंस," तो म्हणाला.

"हो."

"मूळ मापाचं."

"हो. ठोकून लेथवाल्याने बसवलं. जुळवलं मी."

"आणि हे तेलाचं टोक? हे कुठे मिळालं? मी दहा वर्षं शोधत होतो."

"मिळालं नाही. ओतलं."

मामा उठला. तपासनिसाकडे वळून म्हणाला, "ही माझी भाची." तपासनिसाने काही विचारलं नव्हतं. मग त्याने दाढीवाल्याला सांगितलं, "भाची माझी." शेजारी एक बाई गर्दी कसली आहे ते बघायला थांबली होती, तिलाही सांगितलं. मामी म्हणाली, "आता हा घरी जाईपर्यंत थांबणार नाही." ती नाक पुसत होती.

दाढीवाल्याने हात पुढे केला. "माझं चुकलं, बाई. असं काम कोणी करत नाही हो आता."

"मला मिळायचा तो दुसरा नंबर कोणी नेला असता तर मीही तक्रार केली असती," मुंगी म्हणाली आणि त्याचा हात दाबला. त्याच्या हाताला तिचं तेल लागलं. त्याने ते पुसलं नाही. थोडं घुटमळून त्याने विचारलं, "माझ्या सिलिंडरलाही आता तेच करावं लागेल. बघाल का एकदा?"

"घेऊन या. पण माझ्या पद्धतीने होईल. वेळ लागेल."

इंजिन पुन्हा बांधायचं काम तिने तिथेच सुरू केलं. पेटीतून तांब्याचं नवं गॅस्केट काढलं, हेड बसवलं. मामाला नट धरायला जमत नव्हतं, तेव्हा तिने पाना त्याच्या हातात दिला आणि त्यावर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून बोल्ट तिरके तिरके आवळले. माणसं पांगायला तयार नव्हती. सगळं जागच्या जागी गेल्यावर तिने किक मारली. बया एकदा खोकली, आणि मग तिने तो भरदार, गोल आवाज धरला.

मामा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. मग डोळे उघडून म्हणाला, "शेवटच्या वळणावर गिअर फार लवकर बदलतेस. अजून थोडी ओढायला हवी होती. पहिली आली असतीस."

"पहिला फार लांब होता, मामा."

"वळण तर जवळच होतं ना?" मामा म्हणाला. "पुढच्या शर्यतीत मी त्या वळणावर उभा राहतो. हात वर केला की बदल."