पल्याडचा डोंगा

"सीधी येऊ नोको, नीलिमा. दुपारचा वारा आडवा घेशीन तं डोंगा फिरते. आधी काठाकाठानं मारोतीच्या देवळापर्यंत जाजो, मंग वारा पाठीवर घेजो. लांब पडते, पन लवकर येशीन."

बाबांचं हे शेवटचं बोलणं. ते चंद्रपूरच्या दवाखान्यातून फोनवर होते. मी दिल्लीत, विमान कंपनीच्या ऑफिसात, समोर पॅसिफिक महासागरावरच्या वाऱ्यांचा नकाशा. मासे धरता धरता त्यांच्या छातीत कळ आली, तशी तळ्याच्या पल्याडच्या काठावरूनच कुणीतरी त्यांना मोटरसायकलवर नेलं. डोंगा, त्यांची लहानशी होडी, तिथेच राहिला; तो हाकायचा बांबू तेवढा कुणीतरी घरी आणून दिला.

"तू आनशीन ना?"

"हो बाबा, आणते," मी म्हटलं. नजर नकाशावरच होती.

समुद्रावर रस्ते नसतात, रोज आखावे लागतात. त्या दिवशी अमेरिकेचं विमान मी जपानच्या पुढे वाऱ्याच्या पट्ट्यात घातलं. अंतर सातशे किलोमीटर जास्त, वेळ पाऊण तास कमी. मी वाट आखलेलं विमान उतरेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, हा माझा रोजचा नेम. आईकडून आलेला. बाबांचा डोंगा काठाला लागल्याशिवाय ती जेवत नाही, लग्न झाल्यापासून. विमान उतरलं. मी हात जोडले, वरणभात कालवला. पहिल्या घासालाच गावाहून बाबांच्या सोबत्याचा, लटारूकाकांचा फोन आला.

बाबांना जाऊन आज चौथा दिवस. मी गावी, घरी आहे. मला अजून रडू आलेलं नाही. सुतकात देवाला हात लावता येत नाही, म्हणून सकाळी नुसती बसून राहते. आई उंबऱ्यात तळ्याकडे तोंड करून बसते. काळा चहा घेते, बस.

शेजारच्यांनी आणलेलं ताट आजही झाकलेलंच होतं.

"वहिनी, खाय ना वं दोन घास," लटारूकाका म्हणाले.

"डोंगा लागू द्या."

"मंग मी आनतो ना आत्ता! सांगाले काय झालं होतं?"

"तुमी नोका आनू, भाऊ. त्यायनं पोरीले सांगतलं हाय. पोरगी हो म्हनाली म्हने."

आई माझ्याकडे न पाहताच बोलली. चार दिवस तिने मला एका शब्दानेही विचारलं नव्हतं. आणि मी विसरले होते. हो म्हटलं होतं, हेसुद्धा.

काका माझ्याकडे वळले. "अवं, विमानं नेते तू समुद्रावरून. तळ्यातला डोंगा जमन का तुले?"

"नेत नाही काका. वाट आखते फक्त."

"तं आख मंग! पंधरा वर्सं झाले तुले बांबू धरून. बुडशीन तं मलेच काढा लागन."

आईच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. की मलाच तसं वाटलं.

मी उठले. फोन भिंतीतल्या देवळीत ठेवला. पदर खोचला, कुडाला टेकवलेला बाबांचा बांबू घेतला. त्यांचा हात लागून लागून तो मधोमध गुळगुळीत झाला होता. मी हात तिथेच ठेवला. काही वाटलं नाही.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. काठावरची बेशरमीची झाडं उत्तरेकडे वाकत होती, म्हणजे वारा दक्षिणेचा, देवळाकडून. पल्याड डोंगा बोटाएवढा दिसत होता.

तिथपर्यंत तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत जायचं, येताना आधी देवळापर्यंत काठाकाठानं. लांब पडतं.

चपला दारातच ठेवून मी पाळीला लागले.